‘आधपोडा’चा शेवटचा अंक

तोर्षा दारात उभी राहिली तेव्हाच क्षितीशबाबूंच्या मनात पाल चुकचुकली. जुना मित्र रेवती, त्याची नात! जुन्या वाङ्मयीन मासिकांवर पीएच.डी. करते म्हणे. करते तर करो बापडी, पण ती कापडी पिशवी एवढी छातीशी कशाला कवटाळायची? अभ्यासाच्या नावाखाली अंक ढापणारे कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात पैशाला पासरी मिळतात. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मगच तिला आत घेतलं.

“बोल, काय हवंय?”

“‘आधपोडा’ का बंद पडलं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय, दादू.”

दादू, म्हणजे आजोबा म्हणे! ही आजोबाच्या वतीनं भांडायला आलीय, दुसरं काय? ‘आधपोडा’, म्हणजे ‘अर्धवट जळलेला’, हे मासिक क्षितीश आणि रेवती या दोन मित्रांनी मिळून काढलेलं. शेवटच्या अंकात क्षितीशबाबूंनी रेवतीच्याच कवितांची सालटी काढली आणि अंक त्याला टपालानं पाठवला. रेवती पुन्हा फिरकला नाही. त्या भांडणानं बंगाली कवितेत दोन तट पडले, असं प्राध्यापक लिहीत बसले. तट गेले खड्ड्यात! क्षितीशबाबूंना सल होता तो एवढाच, की रेवतीनं साधं उत्तरही दिलं नाही. आणि आता तर तो गेलाच.

“माझा लेख झोंबला त्याला. भित्रा लेकाचा! दोन शिव्या तरी हासडायच्या!”

“झोंबला?”

“मग काय गुदगुल्या झाल्या?”

पोरगी हसली नाही. तिनं पिशवीत हात घातला, तसे क्षितीशबाबू सावरून बसले. निघाला तो शेवटचा अंक, रेवतीच्या सहीचा. त्यांनी तो हिसकावूनच घेतला, पण पानं उलटेनात. ‘आधपोडा’ घडीच्या कडा न कापताच विकलं जाई; वाचणाऱ्यानं सुरीनं पानं सोडवून घ्यायची. इथं एकही पान सोडवलेलं नव्हतं.

“नवा अंक एकट्यानं उघडायचा नाही, असं तुमचं ठरलं होतं ना?” तोर्षा म्हणाली. “चहावाल्याच्या पाव कापायच्या सुरीनं, दोघांनी मिळून. आजोबा म्हणायचे, क्षितीश येईल, मग उघडू.”

“खोटं! लोकांनी त्याचे कान भरलेच असतील.”

“भरले की. पण ते म्हणायचे, लोक काय वाट्टेल ते बोलतात. क्षितीश माझ्याबद्दल असं लिहायचा नाही.”

तो सुरीचा नियम क्षितीशबाबूंचाच. लेख लिहिल्यावर मित्राला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून तर अंक टपालात टाकला होता. ते उत्तराची वाट बघत बसले, आणि रेवती त्यांची. तरीही त्यांनी कडा पुन्हा पुन्हा बोटानं चाचपल्या. कुठंतरी एखादं पान सुटलेलं असेलच.

नव्हतं.

“लेखाचे फोटो घ्यायचेत, दादू. सुरी आणू का?”

“नको!” त्यांनी अंक छातीशी घट्ट धरला आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. “नको गं पोरी. तो नाही, तर मी कसा उघडू?”