मागच्या चाकावर बादलीभर पाणी

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाईप केलं आणि पुसून टाकलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आहे, आणि मी काय लेखक नाय. पावसजवळ गॅरेज आहे माझं. तेही काम कुठे शिकलेलो नाय, मोबाईलवर बघून आणि लोकांच्या गाड्या खोलून खोलून आलं. पण जुनेद गेल्यापासून गॅरेजात बसलं की तेच डोक्यात येतं. म्हणून गिऱ्हाईक नसलं की थोडं थोडं लिहितोय.

जुनेद आणि मी शाळेत एका बाकावरचे. तो कुवेतला एका गोदामात कामाला. त्याचे वडील इद्रीसचाचा आधी लाकडी होड्या दुरुस्त करायचे. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकायचा, वर डांबर लावायचं, असं सगळं. गुडघे गेले तेव्हा ते सोडलं आणि एक जुना डिझेल पिकअप घेतला. पहाटे मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलायची आणि आमच्या बाजूच्या गावांत पोचवायची. बरीच वर्षं केलं.

चाचा तसे हसरे, पण गाडीच्या बाबतीत विचित्र. बाजूच्या सीटवर कोणाला बसवायचे नाहीत. मी हात केला तरी थांबायचे नाहीत, नुसता हॉर्न मारून पुढे. फरीदाचाचीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, डॉक्टरकडे जायचं तर एसटीने पाठवायचे. यावरून जुनेदचं आणि त्यांचं फोनवर वाजायचं. "दारात गाडी असून अम्मी एसटीला लटकते, लाज नाय वाटत?" असं तो एकदा बोललेला. चाचांनी फोन ठेवून दिलेला.

फेब्रुवारीत चाचा जेटीवरच छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्यात दफन लवकर करतात. जुनेदचं विमान उतरलं तेव्हा इकडे सगळं आटपलेलं. त्याला तोंड बघायला मिळालं नाय.

घरी आला तो आईला भेटला आणि मग अंगणात जाऊन पिकअपात बसला. दारं लावून. मी बाहेर उभा. खूप वेळाने काच खाली केली.

"सूरज, सीटला अजून अब्बांचा खड्डा हाय रे."



चाळिसावा दिवस होईपर्यंत गाडी अंगणातच उभी होती, उन्हात. मग एका संध्याकाळी तो गॅरेजवर आला.

"मी परत जात नाय," म्हणाला. "अम्मी एकटी हाय. अब्बांची मासळीची लाईन मीच चालवतो. कंपनीने सुट्टी वाढवलीय, ती संपायच्या आत काय ते सांगायचंय. गाडी चालली तर मी राहिलो."

"चालेल की. इंजिन बघ कसलं हाय तिचं, सकाळी एका हाकेत उठतं."

"इंजिन नाय रे. आवाज येतो. दोन दिवस मासळीच्या खेपा मारल्या ना, तेव्हापासून."

"कसला आवाज?"

त्याने तोंडाने करून दाखवला. कुईंऽऽ, टक्.

"गाडी हाय की खुडुक कोंबडी?"

"हस मेल्या. मोबाईल बघून झालेला डॉक्टर तू. उद्या आणतो, बघ."

खरं सांगतो, मला आनंद झालेला. आवाज म्हणजे काय, एखादा बूश नायतर एखादा बोल्ट. तो काढला की माझा दोस्त कायमचा घरी.

दुसऱ्या दिवशी गाडी आणली. रस्त्यावर फिरवली, काही नाय. खड्ड्यात घातली, काही नाय. तरी खाली झोपून सगळं हलवून बघितलं. कमानपाट्याचे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, बूश झिजलेले दिसले, ते बदलले. वाटलं झालं काम. सकाळी जुनेदचा फोन, मासळी घेऊन येताना वाटेतूनच.

"डॉक्टर, कोंबडी परत ओरडली."

मग त्याला नीट विचारलं. कुठे येतो, कधी येतो. तेव्हा कळलं, जाताना येत नाय, येताना येतो. भाट्याचा पूल संपून चढण लागली, गाडी डावीकडे वळली, की येतो. म्हणजे गाडी भरलेली असली आणि वजन उजव्या अंगावर गेलं की. आणि मी रिकामी गाडी तपासत बसलेलो.

पुढच्या खेपेला मी मागे हौद्यात बसलो. बसलो म्हणजे काय, बर्फाच्या क्रेटांमध्ये पालथा पडलो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तळाच्या पत्र्याला लावलं आणि मूठ कानाला. अशाने आवाज कुठून येतो ते कळतं. नाकात बांगडा, शर्टात बर्फाचं पाणी. चढणीवर जुनेदने वळण घेतलं आणि कानात ते आलं. लोखंडावर लोखंड घासलं की वेगळं वाजतं. हे तसं नव्हतं. जुन्या दाराचं लाकूड कुरकुरतं तसं. आणि मग टक्.

पिकअपच्या खाली लाकूड कुठून आलं?

मासळी पोचवून झाल्यावर गाडी त्याच्या अंगणातच उभी केली आणि मी खाली घुसलो. मागचं उजवं चाक, त्याच्या वर कमानपाटा जिथे चेसीला, गाडीच्या सांगाड्याला, अडकतो, तिथे. सगळीकडे गंज आणि तेवढ्याच जागी काळंकुळीत डांबर. थरावर थर. स्क्रूड्रायव्हरने खरवडायला गेलो तर तो मुठीपर्यंत आत गेला.

चेसी तिथे उरलीच नव्हती. वर्षानुवर्षं मासळीचं खारं पाणी गळून गळून पत्रा सडून फाटलेला. त्या फटीत लाकडाची एक पाचर ठोकलेली, कडेने कापूस दाबलेला आणि वरून डांबर. बोटाने ढकलली तर पाचर हलली. सुकून बारीक झालेली.

मी बाहेर आलो नाय लगेच. खालीच पडून राहिलो.

"काय झालं? झोपलास काय?" जुनेदने वाकून बघितलं.

मी पाचर उपसून त्याच्या हातात दिली. त्याने ती फिरवून बघितली. त्याला विचारायची गरज पडली नाय.

"ही अब्बांच्या हातची हाय," म्हणाला. "होडीला मारायचे तशी. पाण्यात लाकूड फुगतं आणि फट आवळून धरतं."

"होडी पाण्यातच असते रे जुनेद. गाडी थोडीच..."

"ती बादली त्याच्यासाठी होती होय," दाराआडून फरीदाचाचीचा आवाज आला.

चाची इद्दतमध्ये होती. नवरा गेला की त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस घर-अंगण सोडून जात नाय, परक्या माणसासमोर येत नाय. मी आलो की ती दाराच्या पडद्यामागून बोलायची.

"कसली बादली, चाची?"

"रोज संध्याकाळी मगरीबची नमाज झाली की विहिरीची एक बादली मागच्या चाकावर ओतायचे. उजव्या. मी म्हणायची, म्हशीला अंघोळ घालताय काय? तर म्हणायचे, चाक तापलंय."

चाळीस दिवस गाडी उन्हात उभी, बादली कोणी मारली नाय. पाचर सुकली आणि आवाज सुरू झाला.

मी आत्मारामला बोलावलं. तो आमच्याकडचा वेल्डर. मला आशा होती. कुठूनतरी पट्टी मारू, आवाज बंद करू. अगदी खरं लिहायचं तर हे पण मनात आलं की जुनेदला अर्धंच सांगावं. कमी माल भरला तर वर्षभर निघेल, तोवर तो इथे रमेल, मग पुढचं पुढे.

आत्मारामने हातोडीने उजव्या बाजूला ठोकलं. मग डाव्या बाजूला. दोन्हीकडून तांबड्या खपल्या पडल्या.

"सूरज, वेल्डिंगला लोखंड लागतं रे," तो म्हणाला. "हा पापड हाय. कुठे मारू?"

"पट्टी टाकून..."

"टाक. आणि चढणीवर माल भरून मधोमध मोडली की मला बोलवू नको. त्या पाचरीने गाडी नव्हती धरलेली, फक्त आवाज बंद केलेला." मग जुनेदकडे बघून आवाज खाली आणला. "बाबा, तुझ्या वडलांना हे माहीत असणार. इतकं डांबर लावणारा माणूस बघितल्याशिवाय लावत नाय."

जुनेद पायरीवर बसला. पाचर हातातच होती.

"म्हणून कोणाला बसवत नव्हते," म्हणाला.

त्याने पाचर हातात उलटी केली.

"म्हणून अम्मीला एसटीने. आणि मी त्यांची लाज काढली."

पडद्यामागे चाची रडत होती ते ऐकू येत होतं. मग तिने नाक ओढलं.

"तुला सांगितलं नाय त्यांनी, कारण तू काय केलं असतंस ते त्यांना माहीत होतं. दुसरी गाडी घेऊन देतो म्हणून अजून तिकडेच राहिला असतास. मला सारखे म्हणायचे, ह्या ईदला पोरगा आला की परत पाठवायचा नाय, दोघं मिळून लाईन मारू. तेवढं होईपर्यंत गाडी तगली पाहिजे, बस."

"मग मला एकदा..." जुनेदने पाचर पायरीवर ठेवली.

आत्माराम हातोडी पिशवीत घालून निघून गेला. रात्री उशिरापर्यंत मी तिथेच होतो. उठताना जुनेदने विचारलं, "तू सांग. तू चालवशील ही?"

त्याला 'नाय' ऐकायचं नव्हतं. मला 'नाय' म्हणायचं नव्हतं.

"नाय," म्हटलं. "आणि तुला पण चालवू देणार नाय."

त्याने मान हलवली. दुसरी गाडी घ्यायला पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला, येतो म्हणून.

मधले दिवस भरभर गेले. भंगारवाला विचारून गेला, जुनेदने त्याला गडग्याच्या, अंगणाच्या दगडी कुंपणाच्या, आत पाऊल टाकू दिलं नाय. एकदा मी म्हटलं, निदान इंजिन काढून एखाद्या होडीला बसवू, चांगलं हाय. तो म्हणाला, नंतर. मी परत विषय काढला नाय.

जायच्या आदल्या दिवशी मी त्याची बॅग वजन करायला काटा घेऊन गेलो. मगरीबची अजान नुकतीच झालेली. गडग्यापाशीच थांबलो, कारण चाची अंगणात होती. डोक्यावरून ओढणी, हातात बादली. वाकायला तिला त्रास होत होता. मागच्या उजव्या चाकावर तिने सगळी बादली ओतली, चाकाला हात लावला आणि आत गेली. जुनेद पायरीवर बसून बघत होता.

मी जाऊन त्याच्या बाजूला बसलो.

"रोज करते," तो म्हणाला. "आत्माराम आला त्या दिवसापासून."

"पाचर पण नाय रे आत."

"हाय. मी परत ठोकली."

चाकाखाली पाणी अंगणातल्या जांभ्या दगडात मुरत होतं.

"सूरज, तिला अडवू नको."

"उरलेलं पण सडेल रे."

"माहीत हाय. तरी अडवू नको. आणि तिचे गुडघे दुखले, नाय जमलं तिला एखाद्या दिवशी, तर बादली तू मार."

कुठल्याही गिऱ्हाईकाने गंजलेल्या चेसीवर पाणी मारायला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"मारीन," म्हटलं. "तू येशील तोवर, एक दिवस चुकणार नाय."