अर्धा रंगवलेला चेहरा

आमच्या वरच्या मजल्यावर कारेल राहतो. माझी मुलगी क्रांती आणि तो ड्रेस्डेनच्या एकाच चिप कारखान्यात कामाला आहेत. पन्नाशी ओलांडलेला, मिशीवाला, जिन्यात भेटला की माझ्या हातातली पिशवी काढून घेणारा. मूळचा एस्टोनियाचा. रशियाचं राज्य गेलं त्या सुमारास त्याने आणि मार्ट, तोमास या दोन मित्रांनी गावाबाहेर, दलदलीकाठच्या लाकडी न्हाणीघरात बँड काढला. नाव रबाउडू, म्हणजे दलदलीवरचं धुकं. तोंडाला प्रेतासारखा पांढरा-काळा रंग लावायचा आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं, असं ते संगीत. ब्लॅक मेटल म्हणतात त्याला. गाणी दुकानात कधी गेली नाहीत. कॅसेटवरून कॅसेट उतरवायची आणि ओळखीच्या हातात द्यायची, एवढंच.

ओरडायचा मार्ट. तो गेल्या हिवाळ्यात वारला. त्यानंतर तोमासने सगळ्या जुन्या कॅसेट इंटरनेटवर टाकल्या आणि कारेलने त्याच्याशी बोलणं सोडलं. तरी मार्टसाठी एकदा वाजवायचं म्हणून इथल्या एका लहान हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. तोमास एस्टोनियाहून येऊन थेट हॉलवर उतरला.

त्या दुपारी कारेल रंगाचा डबा घेऊन आमच्या दारात उभा. क्रांती त्याचं जर्मन मला मराठीत सांगत होती.

"बाबा, तोंड रंगवून द्या म्हणतोय. त्यांच्यात स्वतःचं स्वतः रंगवत नाहीत. मार्ट रंगवायचा दोघांना. तुम्ही जलशात होतात हे मीच त्याला सांगितलं होतं."

"मग तोमासकडून घे म्हणावं करून."

"त्यापेक्षा घरी बसेन म्हणतो."

आमच्या भीमजलशात आरसा एकच होता, तोही फुटका. म्हणून आम्हीही एकमेकांची तोंडं रंगवायचो. जीवन ढोलकीवाल्याशी माझं सारखं वाजायचं. पण त्याच्या हातात हनुवटी दिली की भांडण थांबायचं. बोलायला तोंड उघडलं तर रंग आत.

"खुर्चीत बसव त्याला," मी म्हणालो.

"सैतानाची गाणी आहेत हं बाबा. चालेल ना?"

"आपण देवच सोडलेत. सैतानाचं काय घेऊन बसलीस."

तिने ते सांगितल्यावर कारेल एवढा हसला की मांडीवरचा डबा पडता पडता राहिला. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि डोळे मिटून बसला. मी डावा गाल पांढरा केला, डोळ्याभोवती काळं भरलं, ओठाच्या कोपऱ्यातून रेघ खाली ओढली. नाकापर्यंत आलो आणि डब्याला झाकण लावलं.

"अर्धंच?" क्रांतीने विचारलं.

"उरलेलं तोमासचं."

कारेल आरशात बघत राहिला. मग हळू काहीतरी बोलला.

"तो नाही म्हणाला तर, असं विचारतोय."

"तर अर्ध्या तोंडाने वाजवायचं."

आम्ही तिघं ट्रामने निघालो. समोरच्या आजीबाईंनी कारेलला एका बाजूने पाहिलं, वाकून दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि जागा बदलली.

हॉलच्या मागच्या दाराशी तोमास सिगारेट ओढत उभा होता. टक्कल, कोरं तोंड. कारेलने डबा पुढे केला. तोमासने तो लगेच घेतला नाही. माझ्याकडे बघितलं, त्या अर्ध्या तोंडाकडे बघितलं. मग सिगारेट विझवली, हात पँटला पुसले, डबा घेतला आणि कारेलची हनुवटी धरली. ते झाल्यावर डबा कारेलच्या हातात गेला आणि तोमासने आपली हनुवटी पुढे केली.

मधे मार्टचा माईक तसाच उभा ठेवून दोघांनी वाजवलं. कारेलच्या उजव्या गालावरची तोमासची रेघ पार कानाकडे गेली होती. तिसऱ्या गाण्याला मी कानातला कापूस काढला.