गादीघर डॉट कॉम

फुलवाली फुलं विकते, भाजीवाली भाजी विकते, तशी ही नावं विकायची म्हणून बाजारात तिला सगळे नाववाली म्हणू लागले. नावं म्हणजे इंटरनेटवरची, ज्यांच्या शेवटी डॉट कॉम लागतं ती. आधी ती एका कंपनीत फोनवर बसायची. वेबसाइट बंद पडली की लोक चिडून फोन करत आणि ही त्यांना शांत करी. कंपनीने ते काम दुसरीकडे हलवलं, तेव्हा तिने ठरवलं, चिडलेल्या माणसांना शांत करत बसण्यापेक्षा शांत माणसांना काहीतरी विकावं.

पण ज्याला हात लावता येत नाही, तागडीत घालता येत नाही, असा माल विकणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. घरात सासरेच म्हणायचे, "हवा विकतेस ती विकतेस, आणि वर दरवर्षी तिचं भाडं घेतेस. धन्य आहे बाई तुझी!" कुलूपकिल्लीवाल्याने विचारलं होतं, "हे नाव घरपोच येतं, की आम्ही न्यायला यायचं?" चष्मेवाला म्हणाला, "माझ्या दुकानावर एवढी मोठी पाटी आहे. ती ज्याला दिसत नाही तो आपोआप माझं गिऱ्हाईक होतो. मला कशाला वेबसाइट?" ती पोट धरून हसली, आणि तिच्या हसण्यावरच चष्मेवाल्याने नाव घेतलं. असा हळूहळू जम बसला. नावासोबत ती एक पानही करून द्यायची. त्यात दुकानाचा फोटो, पत्ता, वेळ आणि फोन नंबर. बाकी फापटपसारा नाही.

बाजाराच्या टोकाला गादीवाल्या काकांचं दुकान होतं. पाटीवर नुसतं ‘गादीघर’. पुढे गाद्यांची चळत, मागच्या खोलीत पिंजलेल्या कापसाचा ढीग आणि त्या ढिगाला टेकून खोळी शिवणाऱ्या काकू. काका मोजकं बोलणारे. त्यांचा दाभण चालायचा, जीभ नाही. काकूंचं अगदी उलट, पण मागच्या खोलीत त्यांचं ऐकायला कापसाशिवाय कुणी नव्हतं. समोरच्या रांगेत फोमच्या गाद्यांचं झगझगीत शोरूम उघडलं आणि इकडची वर्दळ रोडावली, तेव्हा काकूंनीच एके दिवशी नाववालीला हाक मारून आत घेतलं.

"ह्यांना जरा समजावून सांग बाई," काकू म्हणाल्या. "माझं ऐकतील तर शपथ."

"लोक आता आधी फोनमध्ये शोधतात, काका," नाववाली म्हणाली. "मग दुकानात येतात."

काकांनी दोरा दातांनी तोडला. "लोक गादीवर झोपतात. फोनवर नाही."

"हल्ली फोन घेऊनच झोपतात, काका."

मागून काकू खुदकन हसल्या आणि काकांचा विरोध तिथेच ढिला पडला. नाव शोधायला वेळ लागला नाही. गादीघर. तिने इंग्रजी अक्षरं जुळवून पाहिली, जी, ए, डी, आय आणि पुढे घर. इतकं आटोपशीर नाव अजून कुणी घेतलं नव्हतं याचं तिलाच नवल वाटलं. तिने ते लगेच काकांच्या नावावर नोंदवलं, गाद्यांच्या चळतीचा छान फोटो काढला आणि खाली दुकानाचा नंबर टाकला.

पहिला फोन चार दिवसांत आला. काकांनी हातातलं काम ठेवून, घसा खाकरून तो उचलला.

"एक हवी होती," पलीकडचा गृहस्थ म्हणाला. "आम्ही घरात चौघं आहोत."

"चौघं एकीत कशी मावतील? दोन घ्या."

"दोन कशाला? मोठी नाही का तुमच्याकडे?"

"मोठीवर फार तर तिघं. तेही एक लहान मूल असेल तर."

"बरं बरं. वापरलेली असली तरी चालेल मला. कितपत चाललेली आहे?"

काका दुखावले. "वापरलेली आम्ही विकत नाही. नवीन करून देतो. आणि आमचा माल वीस-वीस वर्षं चालतो."

"अरे वा! पेट्रोलवर की डिझेलवर?"

काकांनी फोन कानापासून दूर धरून एकदा त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग पुन्हा कानाला लावला. "कापसावर," ते म्हणाले, आणि ठेवून दिला.

त्यानंतर फोनांची रीघच लागली. एकाला जुनी गाडी विकायची होती. एकीला गाडी चालवायला शिकायचं होतं आणि ती म्हणाली, शिकवणारा शांत स्वभावाचा हवा. एकाने तर रस्त्यात मधेच बंद पडलेल्या गाडीतून फोन केला आणि काका काही बोलायच्या आत कुठून कसं यायचं ते सांगायला लागला. आठवड्याभरात काका जेवढी वाक्यं बोलले तेवढी एरवी वर्षभरात बोलले नसते. शेवटी ते दुकान काकूंवर सोपवून तडक नाववालीच्या घरी गेले.

"तू मला गादीवरून उठवून गाडीत बसवलंस," ते दारातच म्हणाले.

तिला आधी कळेना. मग तिने लॅपटॉप उघडला, ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली आणि कपाळाला हात लावला. गादी म्हणून वाचलं तर गादी, गाडी म्हणून वाचलं तर गाडी. तिच्या डोक्यात कापूस भरलेला होता म्हणून तिला गाडी दिसलीच नव्हती. बाकी सगळ्या जगाला मात्र गाडीच हवी होती.

आतल्या खोलीतून सासरे सगळं ऐकत होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर बाहेर येऊन काकांच्या शेजारी बसले. "अहो, त्या लिपीत ‘द’ आणि ‘ड’ एकाच खुंटीला टांगलेले. ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. फुलवालीची माळ लिहायला जाल तर माल होतो! एवढ्या तोकड्या अक्षरांत लोक नावं घेतात तरी कशाला?"

"चूक माझी आहे, काका," नाववाली म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मी दुसरं नाव देते. माझ्याकडून."

काका तिच्याकडे पाहत राहिले. रागवायला आले होते, पण राग वाटेतच कुठेतरी सांडला असावा. "बघ," एवढंच म्हणाले आणि गेले.

ती संध्याकाळभर नावं लिहीत बसली. गादीवाले लिहिलं तर गाडीवाले होत होतं. मॅट्रेस म्हणावं तर ते समोरच्या शोरूमचं नाव वाटे. प्रत्येक नाव लिहिलं की ती कागद सासऱ्यांपुढे धरायची, "बाबा, हे चुकीचं वाचून दाखवा." आणि बाबा, ज्यांनी आजवर तिच्या धंद्याला हवा म्हटलं होतं, ते चष्मा पुसून जीव तोडून चुकीचं वाचायचे. त्यांच्याइतकं चुकीचं वाचणारा माणूस शोधून सापडला नसता. शेवटी ‘कापूसकाम’ या नावापाशी ते अडले. उलटसुलट करून पाहिलं, काही वेगळं निघेना. "हे घे," ते म्हणाले. "हे नाव गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गादीघरात गेली. काका चळतीच्या सगळ्यात वरच्या गादीवर डोळा लागून पडले होते. काकू पुढे गल्ल्याशी बसल्या होत्या आणि फोन त्यांच्या खांद्याला चिकटलेला.

"नाही हो भाऊ, गाडी नाही मिळत इथे," त्या म्हणत होत्या. "पण मला एक सांगा, दिवसभर चालवता म्हणालात, मग कंबर नाही का धरत? ... धरते ना? मग!"

नाववाली नवीन नाव लिहिलेला कागद हातात धरून उभी राहिली. फोन संपल्यावर काकूंनी तिला खुणेने जवळ घेतलं.

"मी नवीन नाव आणलंय, काकू. आता हे चुकीचे फोन बंद होतील."

"बंद?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी चळतीकडे एक नजर टाकली. "थांब जरा. घाई नको करू. ह्यांना अजून ठाऊक नाही."

काय ठाऊक नाही, हे सांगायच्या आतच दुकानाबाहेर एक मोठा ट्रक येऊन थांबला. भक्कम बांध्याचा ड्रायव्हर उतरून आत आला आणि मोठ्याने म्हणाला, "काकू, पाठ वाचली माझी! रात्रभर चालवली, तरी सकाळी सरळ उभा राहिलो. आमच्यातले चौघं मागे लागलेत, आम्हालाही करून हवी म्हणून."

काका खडबडून उठले. "काय वाचली? कोण चौघं?"

मग काकूंना सगळं सांगणं भाग पडलं. काका दुपारी झोपले की फोन त्या उचलायच्या. गाडी विचारणाऱ्याला नाही म्हणून झालं की त्या ठेवून द्यायच्या नाहीत, चार शब्द बोलायच्या. बोलता बोलता त्यांना कळलं, जो तो कंबरेला हात लावून बसलाय. या ड्रायव्हरला जुना ट्रक घ्यायचा होता. तो नाही मिळाला, पण काकूंनी उरलेल्या कापसाची एक घट्ट चौकोनी गादी शिवून, तिला चार बंद लावून, सीटवर बांधायला दिली. काकांना सांगितलं नाही, कारण काका म्हणाले असते, गादी झोपायची असते, बसायची नसते.

काकांनी ड्रायव्हरला एवढंच सांगितलं, "आणा बघू ती."

ट्रकमधून गादी आली. काकांनी ती उलटी केली, दाबली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. काकू पदराशी चाळा करत उभ्या. नाववालीला वाटलं, आता काहीतरी बिनसणार.

"मधला टाका सैल आहे," काका म्हणाले.

"अंधारात घातलाय. तुम्ही उठाल म्हणून दिवा नव्हता लावला."

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते बाहेर गेले आणि ट्रकच्या पायरीवर पाय ठेवून वर चढायला लागले. वयाच्या मानाने ती पायरी उंच होती. ड्रायव्हरने खालून हात दिला. काका चालकाच्या जागी जाऊन बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पाठ मागे टेकली, मग पुढे झाले, पुन्हा टेकली. बाजारातले लोक पाहायला थांबले. गादीवाले ट्रक चालवायला निघाले की काय, असं चष्मेवाला दारातूनच ओरडला.

"सीट मागे उतरती आहे," काका वरून म्हणाले. "चौकोनी गादीचं काम नाही हे. मागून जाड हवी, पुढे निमुळती. कापूस दाबून भरावा लागेल." मग त्यांनी खाली काकूंकडे पाहिलं. "मला आधी सांगायचं नाही का? मी माप घेतलं असतं."

"सांगितलं असतं तर माप घेतलं असतं की माझी शाळा?"

"दोन्ही," काका म्हणाले, आणि चक्क हसले.

त्या दिवसापासून दुकानात नवा माल सुरू झाला. काका माप घेत, भरत, टाके घालत. काकू खोळी शिवत आणि फोनवर बोलत. नाववालीने पानावर मोठ्या अक्षरांत एक ओळ घातली : ‘गाडी मिळणार नाही. गाडीतली गादी मिळेल.’ कापूसकाम हे दुसरं नावही तिने राहू दिलं. त्या वाटेने येणारे शांत झोपणारे लोक असत, या वाटेने येणारे कंबर धरून बसलेले. दुकान दोघांचंही एकच. समोरचं शोरूम झगझगीतच राहिलं. काकांनी त्याच्याकडे बघायचं मात्र सोडून दिलं.

वर्ष सरत आलं तेव्हा नाववालीला एका मोटारविक्रेत्याचा फोन आला. त्याला गाडीघर हवं होतं, तेच, त्याच अक्षरांत, आणि त्यासाठी तो सांगेल ती किंमत मोजायला तयार होता. असा सौदा तिच्या धंद्यात क्वचितच येतो, आणि त्यात तिचाही वाटा झाला असता. ती लपवाछपवी करणाऱ्यातली नव्हती. सरळ दुकानात जाऊन तिने सगळं सांगितलं.

"तुमच्याकडे कापूसकाम आहेच," ती म्हणाली. "लोक हळूहळू त्या नावाने येतील. विकलंत तर नुकसान काही नाही. उलट चांगले पैसे सुटतील."

काकांनी दाभण कापडात खोचून ठेवला. मग मागच्या खोलीकडे वळून विचारलं, "काय गं? द्यायचं का?"

काकू दारात आल्या. "तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या. पण त्या असं कधी म्हणत नसत, हे काकांना तीस वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक होतं.

"तुला काय वाटतं ते सांग."

"कापूसकाम म्हणून फोन करणारे माप विचारतात, भाव विचारतात आणि ठेवतात," काकू म्हणाल्या. "हे चुकून येणारे जरा बोलतात तरी. कालच एक जण म्हणाला, मुलीकडे जायचंय, लांबचा पल्ला आहे, म्हणून गाडी हवीये. अर्धा तास मुलीचंच सांगत होता."

काकांनी मान हलवली. "नाही द्यायचं," त्यांनी नाववालीला सांगितलं. "त्याला म्हणावं, मालक गादीवर बसलेत, उठायला तयार नाहीत." आणि वर विचारलं, "एकदम किती वर्षांसाठी घेता येतं गं हे?"

"दहा."

"मग दहाचं कर."

नाववालीने तिथेच बसून नोंदणी वाढवली. मोठा सौदा हातचा गेला होता. पण सासऱ्यांना हे कसं तिखटमीठ लावून सांगायचं, याचाच ती विचार करत होती आणि मनातल्या मनात हसत होती. तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. काकूंचे हात शिवणात गुंतले होते, म्हणून काकांनी उचलला.

"नाही, गाडी नाही," ते म्हणाले. पलीकडून माणूस बहुतेक ठेवणार होता, कारण काका घाईघाईने पुढे बोलले, "अहो, थांबा थांबा. जायचंय कुठे तुम्हाला?"

आणि स्टूल ओढून ते निवांत बसले.