पिवळा ठिपका

तिने धाकट्या लेकीचा पाय खिडकीकडे वळवला आणि अंगठ्यावरची पट्टी पाण्याने भिजवून हळूच सोडवायला घेतली. धाकटीने लाथ झाडली.

"आण इकडे, मी धरते," सासूबाई म्हणाल्या. "एवढीशी तर ठेच."

एवढ्याशा जखमेनेच गेल्या वर्षी दवाखाना दाखवला होता. धाकटीची जखम पिकायचीच नाही, पू धरायचाच नाही. कोरडी, काळी पडून नुसती पसरत जायची. रक्तात पांढऱ्या पेशी मात्र चिकार.

"पोलीस गाड्या भरभरून फिरतायत, पण त्यांना उतरताच येत नाहीये," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "रक्तवाहिनीची भिंत धरून थांबायला पेशींना हुकासारखे आकडे लागतात. ते बनवणारं जनुक शाबूत आहे, पण ते चालू करणारी कळ बंद आहे."

मग थोरलीची अस्थिमज्जा धाकटीला दिली. आता रक्तात थोरलीच्या पेशी दिसत होत्या. त्या हाकेला धावून उतरतात का, ते मात्र एखादी जखमच सांगणार होती. तेव्हापासून तिने टेबलांच्या कडांनासुद्धा स्पंज चिकटवला होता. दाराची कड तेवढी राहून गेली.

"आई, माझे पोलीस पोचले?" थोरलीने आतून ओरडून विचारलं.

पट्टी निघाली. अंगठा लालबुंद, टरारलेला, आणि नखाच्या कडेला एक पिवळा ठिपका.

"अगं बाई, पू धरलाय की!" सासूबाई कापसाकडे वळल्या. "तरी मी म्हणत होते, पट्टीत कोंडू नकोस. सरक, पुसून काढते."

तिने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा ना, आई."

"थांबा काय? पू आहे तो!"

"हो," ती म्हणाली. आणि हसू आवरेना तशी पदर नसलेल्या खांद्यालाच डोळे पुसत पुन्हा म्हणाली, "पू आहे, आई. हिला पू झालाय! डॉक्टरीणबाईंना आधी दाखवू, मग पुसा."

सासूबाई कापूस हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या.

थोरली धावत आली आणि तिने नाक दाबलं.

"शी! कसलं घाण!"

"तुझंच आहे ते. तुझे पोलीस पोचले," आई म्हणाली.

थोरलीने नाकावरचा हात काढला. वाकून, अगदी जवळून पाहिलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "त्यांना हात लावू नकोस हं."