वहिनीने सांगितलेल्या खुणा

“आई, घंटा छपरावरून सरकली,” रेडिओतून बार्तोलो म्हणाला. “उजवीकडे, बोटभर. इंजिन अजून बंदच आहे.”

वहिनी ओट्याशी उभी होती. तिने एप्रनला हात पुसले आणि रेडिओचं बटण दाबलं. “नांगर?”

“सरकतोय. खाली नुसता खडक आहे, धरत नाही.”

मी दारातच उभा होतो. काखेत समुद्राचा नकाशा, हातात पट्टी. मच्छीमार संस्थेच्या कार्यालयातून चढ चढून आल्यामुळे मला दम लागला होता. संस्थेचा कारकून मी आणि रेडिओ सांभाळणाराही मीच. कुठली नाव कुठे आहे हे नकाशावर मांडणं माझं काम. पण बार्तोलोचं बोलणं कार्यालयात ऐकलं तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. घंटा कसली, छप्पर कुणाचं? पोर्ट वेलर्डच्या नकाशावर असं काही नाही.

“दादा, तो आहे कुठे?” मी विचारलं.

ओनोफ्रिओ, माझा थोरला भाऊ, टेबलाशी बसला होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेला उजवा पाय समोरच्या खुर्चीवर. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “समुद्रात.”

“ते मलाही माहीत आहे.”

“मग विचारतोस कशाला?”

पाय मोडल्यापासून नाव तीन आठवडे धक्क्याला बांधून होती. शेवटी त्या दिवशी दादाने बार्तोलोला एकट्याला पाठवलं. एकोणीस वर्षांचा मुलगा. वहिनी सकाळी एवढंच म्हणाली होती की आणखी कुणाला तरी बरोबर दे. दादा म्हणाला, आणखी कुणी म्हणजे आणखी दोन डोळे. ते डोळे त्याला त्या जागेवर नको होते.

ती जागा म्हणजे पाण्याखालचा एक खडक. किनाऱ्यापासून आठ मैल बाहेर, आणि त्यावर तांबड्या स्नॅपर माशांचं रान. दादाने शिशाचा गोळा दोरीने खाली सोडून सोडून, तळ चाचपत, तो तीन वर्षांत शोधला होता. गावात चौदा नावा होत्या, पण तो खडक एकट्या दादाचा. नावेवर तो नकाशा ठेवत नसे, कारण नकाशावर पेन्सिलीची रेघ राहते आणि रेघ कुणीही वाचू शकतं. कालाब्रियाहून इथे आलेले मक्री भाऊ, तेही कोळीच, एकदा धुक्यातून त्याच्या मागे गेले. त्याने भलत्याच ओसाड पाण्यात अर्धा दिवस आमिषाशिवाय दोऱ्या टाकल्या. मक्रीही शेजारी अर्धा दिवस दोऱ्या टाकून बसले. ही गोष्ट सांगताना दादा इतका हसायचा की त्याला खोकला येई.

रेडिओत आता मर्व्हचा आवाज आला. मर्व्ह इथलाच, आमच्या संस्थेचा अध्यक्ष. तो मला हाक मारत होता. “सारो, आहेस का? अरे, पोरगं कुठे आहे ते नुसतं सांग. इकडे सहा नावा आहेत आमच्या. डोळे मिटून शोधायचं का?”

त्यापाठोपाठ थोरला मक्री. “ओनोफ्रिओला विचारा. तो सांगणार नाही, पण विचारा.” बार्तोलोही हे ऐकत असणार, पण बापाच्या परवानगीशिवाय तो जागा सांगणार नव्हता.

दादाचा जबडा आवळला. त्याने हात पुढे केला. वहिनीने त्याच्या हातात रेडिओचा माइक दिला.

“बार्तोलो. डिझेलच्या नळीत हवा गेलीय. स्क्रू सैल कर, हातपंप मार, फेस संपला की आवळ.”

“दोनदा केलं, बाबा.”

“तिसऱ्यांदा कर.”

“बरं.”

दादाने माइक टेबलावर ठेवला, स्वतःजवळ. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हवामानवाल्यांनी दक्षिणेचा वारा तीन वाजता सांगितला होता. हा वारा आमच्या किनाऱ्याला सगळ्यांना माहीत आहे. तो हळूहळू येत नाही, दार ढकलल्यासारखा येतो. आणि दादाच्या खडकाच्या उत्तरेला चार मैलांवर पाण्याच्या पातळीत दगडांची रांग आहे. ती मात्र नकाशावर होती. मी नकाशा टेबलावर पसरला आणि तिच्याकडे बघत राहिलो. बाकी मला काय करता येणार होतं? मी जन्माने कोळी, पण नावेत पाय ठेवला की मला उलट्या होतात.

“किती वाट बघायची?” वहिनीने विचारलं.

“पंधरा मिनिटं. त्याला हात आहेत, डोकं आहे. होईल चालू.”

“आणि नाही झालं तर?”

“नुन्झा, तू सूप बघ.”

वहिनीने खरोखरच सूप बघितलं. झाकण काढलं, डाव फिरवला, आच कमी केली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, शेजारच्यांची कोंबड्यांची खुराडी दिसतात.

आमचं बेट सिसिलीच्या उत्तरेला. तिथून आम्ही चौघे बावन्न साली निघालो. दादा, वहिनी, नऊ वर्षांचा बार्तोलो आणि मी. पाच आठवडे जहाजात. पोर्ट वेलर्डला पहिली पाच वर्षं दादा दुसऱ्यांच्या नावांवर राबला, वहिनी मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात उभी राहिली. त्या पाच वर्षांत ती फारसं बोलली नाही. कुणी विचारलं, कसं वाटतं इथे, तर म्हणायची, “काही ओळखीचं नाही.” तक्रारीचा सूर नसे. बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं सांगायची.

मग दादाने स्वतःची नाव घेतली. पहिल्या दिवशी त्याने वहिनीला नावेत बसवून बाहेर नेलं. ती समुद्रावर गेली ती तेवढी एकदाच. पाण्यावरून तिने मागे वळून किनाऱ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग बोट दाखवून म्हणाली, ती बघ, आपल्या चर्चची घंटा. ते आपल्या शेजारणीचं, तेरेसाचं छप्पर. ते गाढव, आणि त्याच्यामागे माझ्या आजीची चूल. हे सगळं आमच्या बेटावरचं; इथल्या किनाऱ्यावर तिला त्याच्यासारखं काहीतरी दिसलं होतं. दादा हसला, पण त्याने ती नावं घेतली. कोळ्याला खुणा लागतातच. जमिनीवरच्या दोन गोष्टी एका रेषेत आल्या की एक रेघ मिळते, आणखी दोन गोष्टींची दुसरी रेघ, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे आपली जागा. वहिनीच्या नावांनी खुणा बांधल्या तर दादा, वहिनी आणि बार्तोलो सोडून जगात कुणाला कळणार नव्हत्या. त्यानंतर रोज जेवताना दादा तिला सांगायचा, आज घंटा छपरावर धरली आणि चूल दिसू लागेपर्यंत गेलो. ती मान हलवायची, गावातल्या गल्लीबद्दल ऐकावं तशी. परत जायचं का, हे तिने मग कधी विचारलं नाही.

मी तिथे असायचो, जेवत. पण माझं लक्ष पुस्तकात. ऐकलेलं असूनही मला काही माहीत नव्हतं, याची त्या दिवशी मला फार लाज वाटली.

“पंधरा झाली,” वहिनी म्हणाली.

“अजून पाच.”

“दादा,” मी म्हणालो, “कार्यालयातला वायुभारमापक सकाळपासून उतरतोय. वारा तीनपर्यंत थांबेल असं मला वाटत नाही.”

“तुला काय वाटतं ते पुस्तकात लिही.”

मी परत नकाशाकडे वळलो. त्याच वेळी शेजारच्यांच्या खुराड्यावरचा पत्रा एकदा वाजला. थांबला. परत वाजला.

आम्ही तिघांनीही तो ऐकला.

“आई,” रेडिओ म्हणाला. बार्तोलोचा आवाज बदलला होता. लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर तो असा बोलायचा, हळू आणि नीट. “वारा आला. घंटा तीन बोटं सरकलीय. उत्तरेला पाणी पांढरं दिसतंय.”

मर्व्ह लगेच रेडिओवर मध्ये बोलला. “त्याला विचारा पांढरं किती लांब. आणि देवाखातर तो कुठून वाहत निघाला ते सांगा, सारो.”

दादाने माइकवर हात ठेवला होता. उचलत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. “मी जातो,” तो म्हणाला. “मला खाली ने, सारो. कुणाची तरी नाव घेऊ.”

“सगळ्या बाहेर आहेत, दादा.”

“मग मर्व्हला परत बोलाव. त्याला एकट्याला सांगतो, कानात.”

“तो इथे येऊन परत जाईपर्यंत तास जाईल.”

“पाच वर्षं, सारो. ह्या घराची वीट न् वीट त्या खडकावर आहे.”

हे तो मला सांगत होता, पण बघत होता वहिनीकडे. ती टेबलाशी आली. त्याच्या हाताखालून तिने माइक ओढून घेतला. झटापट झाली नाही. त्याने हात दाबून धरला होता, तिने एकेक बोट उचललं, आणि त्याने उचलू दिलं.

“नुन्झिआता,” तो म्हणाला. पूर्ण नाव तो कधी घेत नसे. “सगळे ऐकतायत.”

“ऐकावं म्हणूनच सांगतेय.”

तिने बटण दाबलं. तिचं इंग्रजी कारखान्यातलं, मोडकंतोडकं. “मर्व्ह. मक्री. सगळे ऐका. मी बार्तोलोची आई. टेकडीवर पाण्याची उंच टाकी आहे. शाळेचं छप्पर लाल आहे. टाकी बरोबर छपराच्या वर आली पाहिजे. ही एक रेघ.”

मी पट्टी ठेवली. पहिली रेघ चुकली. ती खोडून परत ओढली.

“दक्षिणेला एक टोक आहे. गाढवासारखं. मान खाली घातलेलं. इंग्रजी नाव मला येत नाही.”

“टर्नबी हेड,” मी म्हणालो.

“टर्नबी हेड. त्याच्यामागे कड्यात काळी गुहा आहे. गाढवाच्या नाकामागून गुहा नुकती दिसायला लागेल. ही दुसरी रेघ. पोरगा तिथून निघाला. आता टाकी छपराच्या उजवीकडे तीन बोटं आहे. उत्तरेला गेलाय.”

तिने बटण सोडलं. रेघा कापल्या तिथे मी बिंदू काढला, वाऱ्याचा हिशेब धरून तो उत्तरेला सरकवला, आणि त्या जागेचे आकडे तिच्यापुढे धरले. तिला आकडे इंग्रजीत वाचता येईनात, म्हणून मी वाचले. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी मोठ्याने केलेलं तेवढं एकच काम.

रेडिओत खरखर झाली. मग थोरला मक्री म्हणाला, “मी जवळ आहे. पस्तीस मिनिटं. पोराला म्हणावं, दोरी काढून पुढच्या टोकाला उभा राहा.”

ती पस्तीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. खुराड्याचा पत्रा आता सतत वाजत होता. वहिनी दर दोन मिनिटांनी बटण दाबून विचारायची, “आहेस का?” आणि तो म्हणायचा, “आहे.” एवढंच. दोन वाजता तिने विचारलं आणि उत्तर आलं नाही. तिने परत विचारलं. दादा खुर्चीवरून उठला, प्लास्टरच्या पायावर, आणि टेबल धरून उभा राहिला.

मग मक्रीचा आवाज आला, धापा टाकत. “दोरी मिळाली. ओढतोय. तुमचा मुलगा ओकतोय, बाकी ठीक आहे.”

वहिनी खाली बसली. दादा उभाच होता. “फिल्टरमध्ये पाणी असणार,” तो म्हणाला. “डिझेलच भेसळीचं.”

संध्याकाळी थोरला मक्री बार्तोलोला दारापर्यंत सोडायला आला. टोपी काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वहिनीने आत बोलावलं. तो म्हणाला, “नको, अंगाला माशांचा वास आहे,” आणि निघून गेला. त्या घरात माशांच्या वासाचं कुणाला काय वाटणार होतं.

दादाचं प्लास्टर निघायला आणखी पाच आठवडे लागले. ह्या पाच आठवड्यांत संस्थेच्या काट्यावर तांबडा स्नॅपर चढत राहिला. मर्व्हच्या पेट्यांत, मक्रींच्या पेट्यांत, ज्यांनी कधी स्नॅपर आणला नव्हता त्यांच्याही. पेट्या मीच तोलत होतो. कुठे मिळाला, हे मी विचारलं नाही आणि मान वर करून कुणी सांगितलंही नाही. घरी दादा वहिनीशी बोलत होता. मीठ दे म्हणायचा, लाकडं संपली म्हणायचा, रविवारी तिच्याबरोबर चर्चला जायचा. फक्त जेवताना समुद्राचं नाव काढत नसे. वहिनीही विचारत नसे. बार्तोलो एकदा सुरुवात करू लागला, “आज घंटा,” आणि बापाकडे बघून थांबला. त्याने ताटात मान घातली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात दादा मुलाला घेऊन बाहेर पडला. मी कार्यालयात रेडिओ लावून बसलो होतो. दहाच्या सुमारास बार्तोलोचा आवाज आला, कुणाला उद्देशून नाही, नुसताच. “पोहोचलो. इथे सहा नावा आहेत.”

मग मर्व्हने घसा साफ केला. “ओनोफ्रिओ, आम्ही अजून दोऱ्या टाकलेल्या नाहीत. तू आधी टाक. तुझं झालं की आम्ही.”

मी पेन खाली ठेवलं. सहा नावा इंजिनं मंद ठेवून गोल उभ्या असतील आणि सगळे माझ्या भावाच्या पाठीकडे बघत असतील, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्याची पाठ मला माहीत होती. तो वळणार नव्हता.

“टाका रे,” शेवटी दादा म्हणाला. “समुद्र काय माझ्या बापाचा आहे?”

मक्रींपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. त्यानंतर रेडिओत टक्क असा आवाज झाला. कुणीतरी बटण दाबलं होतं. मागे भांड्यात काहीतरी उकळत होतं, लांब शेजारच्यांची कोंबडी ओरडली. वहिनी काही बोलेल म्हणून मी थांबलो. तीन-चार क्षण गेले असतील. मग बटण सुटलं, आणि पाण्यावर पहिली दोरी पडली असेल तेव्हा रेडिओत काहीच नव्हतं.