तोफेचं दार

लष्कराच्या सरावासाठी उभारलेल्या प्लायवूडच्या त्या खोट्या गावात सगळ्यांना सोंगं वाटून दिली होती. मावशी दुकानदारीण. तिची भाची घरातली मुलगी. तिच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे सगळे तिला तोफ म्हणत. तिचं काम एवढंच: जवानांनी दार ठोठावलं की उघडायचं, हात वर करायचे आणि घाबरायचं. जवानांना डोंगरापलीकडच्या बोलीचा सराव व्हावा म्हणून तिथलीच माणसं पगारावर आणली होती. पुढच्या महिन्यात हे जवान खरोखर पलीकडे जाणार होते. आणि पलीकडेच तोफेची आजी राहत होती, एकटी, गुडघ्यांनी बेजार.

दारावर थाप पडली.

"बाहेर या. हात वर."

तोफेने कडी काढलीच नाही. "दुसरं काही येतं का?" तिने आतून बोलीतच विचारलं.

जवानाने तेच पाठ म्हटलं, जरा चढ्या आवाजात.

"ओरडून समजत नसतं. आम्ही काय बहिरे आहोत?"

शिकवणारे मेजर तरातरा आले. "उघड दार. सांगितलंय तेवढं कर."

"सांगितलंय ते खोटं आहे, साहेब."

मावशी दुकान टाकून धावली. "अगं भवाने, उघड. हातचं काम जाईल."

"जाऊ दे. आजीला खाटेवरून दारापर्यंत यायला किती वेळ लागतो, तूच सांग त्यांना. तोवर हे दार तोडून मोकळे होतील."



"तोडा," मेजर म्हणाले.

प्लायवूड करकरलं. तोफेने आतून दाराला पाठ लावली. "तोडा की. तोडायलाच जायचंय, तर बोली कशाला शिकताय?"

धक्का थांबला. "साहेब," एक उंचाडा जवान चाचरत म्हणाला, "आम्हाला शिकवलीत ती सगळी हुकमाचीच वाक्यं."

मेजरनी मान खाजवली. "मग विचार काहीतरी."

"आत... कोण आहे?"

"माझी आजी. तिला चालवत नाही. थांबाल?"

"आता तरी उघड गं," मावशी पुटपुटली. तोफ ढिम्म. बाहेर कुणीतरी बंदूक जमिनीला टेकवली.

"थांबतो," जवान म्हणाला. "सावकाश येऊ दे त्यांना."

मग तोफ खोलीच्या पार त्या टोकाला गेली आणि तिथून आजीसारखा एक पाय ओढत दाराकडे निघाली. वाटेत भिंतीला हात टेकून तिने दमही खाल्ला.