काचेआडची घंटा

जुनी म्हणावी एवढे माझे वय नाही आणि घंटा म्हणावी असा मला आवाज नाही. तरीही मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. माझा सारा देह नखाएवढा. मी एका टॅबच्या काचेआड राहते. तुम्ही खेळता तसल्याच एका खेळात माझा जन्म झाला. त्या खेळात आरंभी चारच गोष्टी हाती येतात: माती, पाणी, अग्नी आणि वायू. एक गोष्ट बोटाने ओढावी आणि दुसरीवर सोडावी. दोघींचे जुळले तर तिसरी जन्माला येते. न जुळले तर दोघी क्षणभर थरथरतात आणि मुकाट्याने आपापल्या जागी परततात. जन्मलेली प्रत्येक वस्तू कडेच्या पट्टीत जाऊन बसते. एकदा तिथे बसली, की कोणीतरी बोट लावीपर्यंत तिला जागचे हलता येत नाही. ती पट्टी हेच माझे घर. आणि खरे सांगावयाचे तर तीच माझी कोठडी.

ज्या घरात मी जन्मले ते घर घंटा ओतणाऱ्या ओताऱ्याचे होते. पुढे कारखाना, मागे राहण्याच्या खोल्या. मागच्या पहिल्या खोलीची खिडकी थेट कारखान्यात उघडत असे आणि त्या खिडकीला लागून एक खाट होती. त्या खाटेवर आजोबा पडून असत. उभा जन्म त्यांनी भट्टीपुढे घालवला होता. पुढे अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू नेली आणि जाताना वाचाही नेली. शब्द मनात येत, जिभेपर्यंत चालत येत, आणि ओठांच्या उंबरठ्यावर अडखळून पडत. बाहेर निघे तो केवळ ‘ब... ब...’ एवढाच ध्वनी. घरची माणसे प्रेमळ होती. पण त्या एका अक्षरातून काय काय म्हणून ओळखणार? उशी हवी का, पाणी हवे का, खिडकी लावू का, एवढे विचारून होई आणि मग ज्याचा तो कामाला लागे.

कारखाना आता त्यांची मुलगी चालवीत असे. भट्टीवरचे काका तिला ताई म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. ताईची लेक दिवसभर चिवचिव करी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. आजोबांच्या हाताला व्यायाम देण्यासाठी ज्या बाई येत, त्यांनीच तो टॅब आणला होता. डाव्या हाताची बोटे चालती राहतील आणि मनालाही गंज चढणार नाही, असे त्या म्हणाल्या. खेळ कसा खेळायचा हे शिकवण्याचे काम अर्थातच चिमणीने स्वतःकडे घेतले.

आजोबांनी पहिल्याच दिवशी ठरवले, घंटा करायची. दुसरे काय करणार? त्यांनी मातीवर पाणी सोडले, चिखल झाला. माती तापवून दगड केला, दगड तापवून धातू काढला. इथवर सारे ठीक झाले. मग त्यांनी धातू उचलून चिखलावर सोडला. दोन्ही थरथरले आणि परत गेले. त्यांनी पुन्हा सोडला. दिवसामागून दिवस ते तेच करीत राहिले. ओताऱ्याच्या लेखी घंटेचा जन्म धातूपासून होत नाही, तो मातीच्या साच्यात होतो. साच्यावाचून घंटा ही गोष्ट त्यांच्या बुद्धीत शिरतच नव्हती. ही चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती.

शेवटी चिमणीचा धीर सुटला. तिने वायूवर वायू सोडून वारा केला, वारा दगडावर आपटून ध्वनी मिळवला, आणि तो ध्वनी धातूवर ठेवला. त्या क्षणी मी डोळे उघडले.

“बघा आजोबा, साचाबिचा काही लागत नाही इथं. झाली की नाही घंटा?”

आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा भाग हसला आणि त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. खिडकीतून डोकावून काकांनीही माझे दर्शन घेतले. “या घंटेवर शाळा भरवली,” ते म्हणाले, “तर पोरं जन्मभर घरीच.”

काका थट्टा करीत होते, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भूते पाच, असे थोरांनी सांगून ठेवले आहे. आमच्या खेळाच्या कर्त्याने चारच घेतली. आकाश तेवढे राहून गेले. शब्द हा तर आकाशाचा गुण. घंटेच्या पोटात जी पोकळी असते ती तिच्या वाट्याला आलेले आकाशच होय. मला पोट नव्हते, पोकळी नव्हती. होता तो केवळ आकार. त्यात माझ्या नावाखाली खेळाने एक रेघ ओढली. ज्या वस्तूपासून पुढे काहीही घडत नाही, तिच्या नावाखाली अशी रेघ येते. चिमणीने चार दिवस माझे कौतुक केले आणि मग ती विमान करण्याच्या मागे लागली. मी पट्टीत बसून राहिले. समोर आजोबा खाटेवर, मी काचेत. दोघांनाही सर्व दिसत होते, आणि दोघांपैकी कोणालाही काही सांगता येत नव्हते.

असे असता एका शाळेची जुनी घंटा तडकली आणि नवी ओतण्याचे काम ताईकडे आले. वडिलांच्या हाताखाली तिने पुष्कळ घंटा ओतल्या होत्या. एवढी मोठी घंटा एकटीने ओतण्याची ही पहिलीच वेळ. खरी घंटा कशी होते हे मी त्या खिडकीतून पाहिले. आधी मातीचा भरीव गाभा करतात. त्यावर मातीचेच बाहेरचे कवच बसवतात. दोघांच्या मध्ये घंटेच्या आकाराची जागा रिकामी ठेवतात, आणि त्या जागेत वितळलेला धातू ओततात. मात्र गाभा आणि कवच निखाऱ्यांवर भाजून हाडासारखे कोरडे झालेले असावे लागतात. आत ओल राहिली, तर तापल्या धातूने तिची क्षणात वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, साचा फुटतो, आणि तो रसरसलेला धातू ओतणाऱ्याच्याच अंगावर उसळतो.

ओतण्याच्या सकाळी आभाळ भरून आले होते आणि हवा दमट होती. भट्टी पेटली, मुशीत धातू वितळू लागला. ताईने शेवटचे पाहून घ्यावे म्हणून कवच उचलले, तो गाभ्याला एक भेग गेलेली. तिने ओली माती घेऊन भेग भरली, वर जळता पलिता फिरवला, आणि मातीचा रंग उडून ती पांढरट दिसू लागली तसे बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. आवाज कोरडा आला. तिने कवच पुन्हा बसवले. मित्रांनो, पेराला वरची साल कळते. आतली ओल कळत नाही.

खिडकीतून हे आजोबांनी पाहिले. त्यांचा श्वास भरभर चालू लागला. “ब... ब...” ते म्हणाले. ते पुन्हा म्हणाले, अधिक मोठ्याने. कारखान्यातून ताईने आवाज दिला, “चिमणे, आजोबांना पाणी दे ग.” चिमणीने पेला भरून आणला. आजोबांनी तो डाव्या हाताने उडवून दिला. चिमणी रडवेली झाली. आजोबा कधी असे करीत नसत.

मग त्यांनी टॅब ओढून घेतला. पट्टीतून त्यांनी मला उचलले. किती दिवसांनी मला कोणाचे बोट लागले होते! त्यांनी मला मध्यभागी ठेवले आणि माझ्यावर पाणी सोडले. मी थरथरले. खेळाने पाणी परत पाठवले. त्यांनी ते पुन्हा आणले. मला त्यांचे सगळे म्हणणे कळत होते. परंतु माझ्या नावाखाली रेघ होती. मला थरथरण्यापलीकडे काही करता येत नव्हते, आणि थरथरण्याचा अर्थ तिथे एकच होता: नाही.

“आजोबा, घंटेला पुढं काही नाही हो,” चिमणी डोळे पुसत म्हणाली. “रेघ दिसत नाही का तुम्हाला?”

आजोबांनी चिखल केला आणि मला त्यावर ठेवले. नाही. चिखलावर अग्नी सोडला, वीट झाली. ती बाजूला सारून पुन्हा चिखल, पुन्हा अग्नी. आणि प्रत्येक वेळी शेवटी त्यांचे बोट माझ्यावर येऊन थांबे. चिमणीला वाटले, आजोबा पुन्हा जुन्याच चक्रात सापडले. ती टॅब काढून घेऊ लागली. तेव्हा त्यांनी तिची हनुवटी धरली आणि तिचे तोंड खिडकीकडे वळवले. खिडकीबाहेर तिची आई हाताला लागलेली ओली माती फडक्याला पुसत होती.

चिमणीने चिखलाकडे पाहिले, अग्नीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आणि मला काखोटीस मारून ती कारखान्यात धावली.

“आई, थांब. आजोबा म्हणतायत, घंटेच्या आधी चिखल भाजायचा.”

“आजोबा म्हणतायत?” ताईने वळूनही पाहिले नाही. “आणि कशानं म्हणतायत ग ते?”

काकांनी मूस तयार असल्याचे सांगितले. धातू फार वेळ धरून ठेवता येणार नव्हता. चिमणी जाऊन साच्यापुढे उभी राहिली आणि बाजूला होईना. तेव्हा ताई तिच्या हातून टॅब हिसकावून खिडकीपाशी आली. तिचा चेहरा भट्टीच्या धगीने लाल झाला होता, आणि केवळ धगीनेच नव्हे.

“बाबा, मी ठोकून बघितलाय साचा. ठोकायला तुम्हीच शिकवलंत ना? मग एकदा तरी माझ्यावर सोडा.”

आजोबांनी हात लांब करून टॅब मागितला. इतक्या वेळात त्यावरचा उजेड मालवला होता आणि मी अंधारात होते. पण काच ती काचच. आजोबांनी ती ओठांजवळ नेली आणि तिच्यावर श्वास सोडला. काच धुकटली. धुकटलेली काच त्यांनी मुलीपुढे धरली, आणि मग बोट साच्याच्या तोंडाकडे नेले. ताईकडे पाहत ते तसेच थांबले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. डोळे पाण्याने भरले होते.

ताईने बाहीने काच पुसली. ती साच्यापाशी गेली, आणि आतली हवा निघून जाण्यासाठी जी नळी ठेवलेली असते तिच्या तोंडावर तिने मला धरले. खालून ऊब आली. मग माझ्या काचेवर एक पांढरा पडदा चढत गेला. पडद्याचे थेंब झाले, थेंबांच्या धारा झाल्या. ताईने टॅब वाकडा केला तेव्हा कडेवरून पाणी ओघळून तिच्या पावलावर पडले.

काकांनी हातातली सांडशी खाली ठेवली.

“लगडी करून टाका काका,” ताई हळूच म्हणाली. “आज ओतायचं नाही.”

धातू वाळूच्या चरांत ओतून गोठवला गेला. ताई खिडकीखाली भिंतीला टेकून खाली बसली. आजोबांनी गजांतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. पुढे गाभा नव्याने भाजला, काच धरून धरून पाहिला, आणि शाळेची घंटा निर्विघ्न ओतली गेली. तिचा नाद गोड आहे म्हणतात.

माझे काय झाले म्हणाल, तर ती ओल कडेने आत झिरपली. नेमकी पट्टीवरची काच तेव्हापासून बोटाला ओळखत नाही. टॅब पेटतो, मी दिसते. पण कोणी कितीही बोट टेकवले तरी मला आता उचलता येत नाही. चिमणीने काही दिवस प्रयत्न केला. मग व्यायाम घेणाऱ्या बाईंनी अक्षरांची एक पाटी आणली, तिच्यावर बोट ठेवून आजोबा थोडे थोडे बोलू लागले, आणि मला कारखान्यातल्या फळीवर ठेवून दिले. माझ्यावर राखेचा थर बसतो. याचे मला दुःख नाही असे मी म्हणणार नाही. कोंडलेल्याला कोंडलेपण रोज नवे असते.

मित्रांनो, मला कोणी फळीवरून काढावे अशी माझी विनंती नाही. विनंती आहे ती माझ्यासारख्या इतरांसाठी. तुमच्याही घरी कोणी असेल, ज्याच्या तोंडून पुरता शब्द निघत नसेल, जो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करीत असेल. त्याचे डोके फिरले असे म्हणून त्याच्या हातातली वस्तू काढून घेऊ नका. तो कोठे पाहतो आहे ते पाहा. त्याला विचारा; आणि विचारल्यावर निघून जाऊ नका.

हल्ली प्रत्येक ओतण्याच्या दिवशी ताई आजोबांची खुर्ची साच्याजवळ आणून ठेवते. भट्टी धडधडत असते, काकांचे हात सांडशीवर असतात. ताई वाकून विचारते, “बाबा, ओतू?” आजोबांना उत्तर द्यायला वेळ लागतो. कधी कधी फार वेळ लागतो. तोवर सारा कारखाना थांबतो.